घासाला चरक

पानं दुपारीच कुरकुरायला लागतात,
काडी मात्र तीन दिवस पाणी धरून बसते.
तोवर पानं झडतात,
पेंढीत उरतात नुसत्या काड्या
आणि म्हशी तोंड फिरवतात.

हे भांडण मोडायचं कसं, या घोरात
दस्तगीर मुलाणी दोन दिवस जेवला नाही
असं त्याची बायको सांगते.
जेवला होता. डबा मी बघितलाय.

मग त्यानं विट्याच्या स्टँडवरनं
रसवंतीचा चरक आणला.
थंडीत तो गोणपाटाखाली झोपूनच असतो.
रुळांतलं अंतर दोन सुतं वाढवलं.
पिळायचं नव्हतं,
नुसती काडीची पाठ मोडायची होती.

लसूणघासाचा पहिला कवळा आत गेला
आणि घुंगरं वाजली,
काढायची राहून गेलेली.
वस्तीवरची तीन पोरं पेले घेऊन पळत आली.

माळावर पातळ पसरला.
उलटायचा तो पहाटेच्या दवात,
उन्हं चढल्यावर हात लावाल तर बघा:
हौसाक्काची ताकीद.

दुसऱ्या दिवशी, दिवस कलता कलता
तिनं काचेच्या बरणीत मूठभर घास घातला,
वर चमचाभर मीठ,
आणि हलवत राहिली, खुळखुळ,
पोराला खेळवावं तशी.
मीठ काचेला चिकटलं नाही.

दस्तगीरनं एक काडी वाकवली. टचकन तुटली.
अर्धी कानावर खोचून
तो चरक धुवायला बसला.
उन्हाळ्यात पहिल्या पेल्याला
घासाचा वास येणार, म्हणाला.
आलं जरा जास्त घालू.