मवाळ

विलेनहॉलला, गॅरेजमागच्या खोपटात,
साडेचार लिटर. त्याहून जास्त नाही.
नोरीन सुपाचं पातेलं देईना,
म्हणून हे जॅमचं.

पाण्याला आधण येऊ द्यायचं नाही, त्याआधीच
जव टाकायचे. मोड आणलेले, भाजलेले,
थोडे मुद्दाम करपवलेले, रंगासाठी,
आणि मूठभर ओट्स, कारण डबा उघडाच होता.
वर जुनी रजई गुंडाळली.
तासभर झाकण उचलायचं नसतं.
दोनदा उचललं.
कुंपणापलीकडून मिसेस पर्शहाउस म्हणाल्या,
"डेरिक, तुमची बिस्किटं करपतायत."

थर्मामीटर एकोणसत्तर म्हणत होता.
तो तीन अंश कमीच सांगतो, हे मला
आठवड्यानं कळलं,
हायड्रोमीटर नळीत बुडायलाच तयार होईना तेव्हा.
यीस्टनं तीन रात्री डबडब केलं
आणि अर्ध्या ताटावरून उठावं तसं
गप्प झालं.
गरम भट्टीतली काही साखर
त्याला पचतच नाही, असं पुस्तकात आहे.
हिशेब केला: अडीच टक्के. जेमतेम.

माझे वडील क्रॅडली हीथला साखळ्या घडवत.
लाल लोखंड, चामड्याचा एप्रन, आणि दुपारी
पोऱ्यानं बादलीतून आणलेली माइल्ड,
घामाची भरपाई.
संध्याकाळी सरळ रेषेत घरी येत.
आम्ही जिन्यावरून त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून
आपापली पुस्तकं उघडायचो.
मवाळ ती बिअर होती.
ते नव्हते.

बाटल्या भरल्या आठ.
पहिली चौथ्या दिवशी उघडली, घाईनं; फेस नाही, काही नाही.
एक वेस्लीला दिली. तो म्हणाला, "चहा आहे का हा?"
पण ग्लास परत दिला तेव्हा तळाशी
गाळसुद्धा नव्हता.
एक फरशीवर पडली, ती मी मोजत नाही.
मग एका रविवारी पाऊस, टीव्ही बंद,
मी आणि नोरीन, शब्दकोडं,
आणि दोन की तीन, नक्की आठवत नाही.
डोकं जड झालं नाही. कोडं मात्र सुटलं,
अकरा आडवं सोडून.

वहीत मी सगळं लिहितो:
तारीख, वजन, तापमान, चूक.
शेवटचा रकाना 'चव'.
तो कोराच राहिला. काय लिहू?
टॉफी म्हणू, की पावाचा कड,
की जिन्यावरच्या त्या बुटांना
कधीतरी लागलेला काहीतरी गोड वास,
जो तेव्हा मला ओळखता आला नव्हता?

काल वही उघडली तर त्या रकान्यात
नोरीनचं बारीक, तिरकं अक्षर:
'बरी आहे. पुढच्या वेळी माझं पातेलं घे.'

सुपाचं, म्हणजे नऊ लिटर.
दुकानात नवा, अचूक थर्मामीटरही आहे, सात पौंडांना.
तो मी घेणार नाही.