दोन फायली

माझं डोकं नांदेडला दाखवलंय,
छाती परभणीला.
मधे वसमतला मी,
हळदीच्या आडतीवर बारदानं शिवते.

परभणीच्या डॉक्टरनं पंप दिला. म्हणाले, धूळ टाळा.
बरं, म्हणलं.
चैत्रात वसमतला धूळ टाळायची
म्हणजे श्वास उचलून पूर्णेला ठेवून यायचा.
इथं घाम पुसला तर पदर पिवळा,
खोकलं तर रुमाल पिवळा,
ढोल फिरायला लागला की उन्हालाही हळद लागते.

डोक्याचं वेगळं.
आधी उजेडाला दात फुटतात,
मग पोत्याचं अर्धं तोंड दिसेनासं होतं.
सुतळी हातात असून सापडत नाही.
मग उजव्या डोळ्यामागं कुणीतरी दाभण फिरवतं,
माझ्याइतक्याच सवयीनं.
नणंदेनं दिवस उगवायच्या आत दूध-जिलबी चारली,
सात दिवस.
जिलबी चांगली होती.

नांदेडला नंबर लागायला दुपार झाली.
डॉक्टरनं बॅटरी डोळ्यात मारली, रेषेवरून चालवलं,
गुलाबी गोळी दिली, रोज दोनदा.
झोप विचारली. पाळी विचारली. चहा विचारला.
श्वास नाही विचारला.
मीही नाही सांगितला.
डोक्याच्या डॉक्टरला छातीचं काय सांगायचं,
हमालाला का कुणी काट्याचा हिशेब विचारतं?

अकरा दिवस डोकं गप.
बाराव्या रात्री छाती बोलायला लागली.
पंप एकदा. पंप दोनदा.
दाराची चौकट धरून उभी,
आत शिट्टी, बाहेर कुत्री.
आधी दोन दाबांत मोकळी व्हायचे,
आता दाबावर दाब, तरी हवा उंबऱ्यातच अडायची.
मी हळदीला शिव्या दिल्या.
बिचारी हळद.

पंप संपला म्हणून मोंढ्यापुढच्या मेडिकलवर गेले.
तिथली तहसीन, नवीन पोरगी,
पंप काढता काढता थांबली.
“मावशी, मागच्याच महिन्यात नेला होता की.
दुसरं काय चालू आहे?”

दुसरं काय चालू आहे.
इतके दवाखाने फिरले, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी पिशवीतून पाकीट काढलं.
तिनं दोन्ही चिठ्ठ्या काचेवर शेजारी ठेवल्या,
पहिल्यांदाच एकमेकींशेजारी,
एकाच घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारख्या.
आणि तिचा चेहरा उतरला.

“डोक्याला ही चांगलीच आहे,” ती म्हणाली,
“पण दम्याच्या माणसाला नाही चालत.
ही छातीतल्या नळ्या आवळते.
वर पंप ज्या कडीला हात घालतो
ती कडीच आतून धरून बसते.”
मग हळूच,
“आणि डोकं दुखलं की ती पांढरी गोळी घेता ना पुड्यातली,
तीही काहींना सोसत नाही.
मनानं घेऊ नका. आणि ही मनानं बंदही करू नका, थांबा.”

तिनं तिथूनच नांदेडला फोन लावला.
तीनदा लागला नाही.
गिऱ्हाईक मागं कुरकुरायलं,
एकाला फक्त बाम पाहिजे होता.
चौथ्यांदा डॉक्टर आले. पलीकडं जरा वेळ काहीच नाही.
मग मलाही ऐकू आलं:
“दमा? दमा आहे त्यांना?
आजची गोळी देऊ नका. उद्या पाठवा.
रात्री दम लागला तर सरळ सरकारी दवाखाना.”

तहसीननं पंपाचे तेवढे पैसे घेतले.
फोनचे देते म्हणलं तर हसली.

रात्री कंदिलाएवढ्या बल्बखाली बसले.
दोन फायली, एक निळी, एक पिवळी.
दाभणात सुतळी ओवली
आणि कडेकडेनं टीप घातली,
पन्नास किलोच्या पोत्याला घालते तशी, दुहेरी.
वर पोरानं मोठ्या अक्षरात लिहिलं:
प्रयाग सूर्यतळ. दमा आहे. अर्धशिशी आहे.
बाई एकच आहे.
शेवटचं त्यानं आपल्या मनानं लिहिलं.

सकाळी नांदेडला
डॉक्टरनं फाईल उलटीपालटी केली,
कागद सुटे करायला कात्री मागितली.

मी म्हणलं, राहू द्या साहेब.
असंच वाचा.