ग

वडिलांच्या लाखेच्या डब्यात
इनास आल्मेडांची एकतीस कार्डं निघाली.
पंधरा पैशांची, वेंगुर्ल्याचा शिक्का.
वडील सावंतवाडीत गंजिफा रंगवायचे,
ते बंदरावर होड्यांची नावं.
मध्ये तासाभराची एसटी.
भेटले एकदाच, माझ्या बारशाला.

माझ्याकडे नुसती उत्तरं आहेत.
"होय, चकाकता खरा, पण खाऱ्या वाऱ्यान पापुद्रे सुटतत."
"नाय, पैसे घेणय नाय. सुरमई घेतंय."
प्रश्न काय असतील
ते मी भांडी घासताना जुळवते.

एका कार्डावर मजकूरच नाही.
निळ्याचे चार पट्टे, खाली आकडे,
चौथ्यापुढे बारीक अक्षरात :
"ह्यो दर्याचो नाय, लुंगयेचो."

आणि ब्याऐंशीच्या शिमग्यानंतरचं :
"पुंडलिकबाब, पान पोचला. मत्स्यावतार झकास.
पण खवले उलटे.
असो मासो मागे मागे पवतलो.
तांबोशी हातात घेऊन बघ."

वडील मासे खात नसत.
तरी बाजारातून एक तांबोशी आणली,
खिडकीशी केळीच्या पानावर ठेवली
आणि दुपार होईतो बघत बसले.
खाली मांजर, तेही बघत.
त्यानंतरच्या प्रत्येक गंजिफेत खवले सुलटे आहेत.
मी भिंग लावून तपासलं.
गिऱ्हाइकांना कधीच कळलं नाही.

यंदा वेंगुर्ल्याला गेले,
वडिलांची कार्डं मागायला.
इनासांची भाची सेराफिना म्हणाली,
"पत्रां? ती कापल्यानी."

पत्र्याच्या पेटीत होती सगळी,
अळशीच्या तेलात भिजवून कडक केलेली,
कडांना निळे, लाल, पांढरे थर,
आणि प्रत्येकाच्या पोटातून
एक एक अक्षर कोरून काढलेलं.
सा. र. लक्ष्मी अख्खी, दोन कार्डं जोडून.
अक्षरांभोवती वडील उरले होते :
"उत्तरास उशीर झा"
"तांबडा संपला म्ह"
"मुलगी आता ब्रश धर"
आणि तिथे 'ग'चं भोक.

धरते? धरत नाही? धरू लागली?
मी कार्ड उजेडाकडे केलं.
भिंतीवर एक 'ग' पडला, थोडा हलला.

"एक नेऊ का?"
"काय व्हया ता ने," सेराफिना म्हणाली,
"'ग' सोडून. झिल अजून होडये रंगवता.
सागर, गंगा, गणेश... 'ग' लागताच."

मी 'ळ' घेऊन आले.
'ळ' कुणाला लागत नाही.
त्यावर नुसता पत्ता आहे,
तोही अर्धा.