हात हलवत

उणे अकरा. बंदरावरच्या दुकानापुढे
पहाटे पाचपासून रांग. पहाट घड्याळापुरती;
ट्रोम्सोत नोव्हेंबरअखेर सूर्य रजेवर जातो
तो जानेवारीतच हजेरी लावतो.
साडेदहाला माल संपला.
एकशे चाळीस जण हात हलवत परत गेले.

संपादकबाई म्हणाल्या, एलर्ट, बातमी वीस ओळींची,
खाली तुझं मत. सहापर्यंत.
मी लिहिलं: ज्यांना यंत्र मिळालं
तेही आता हात हलवतच बसतील.
पांढरा डबा, मनगटाला दोरी,
नसलेली रॅकेट, नसलेला चेंडू,
आणि दिवाणखान्यात घाम गाळणारी मोठी माणसं.
ईस्टरपर्यंत कपाटात जाईल.

शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं.
दोनदा वाचलं, मोठ्यानं.

चार दिवसांनी, भांडी विसळताना,
समोरच्या खिडकीतल्या बाईनं मला हात केला.

इथे पडदे कुणी ओढत नाही. काळोख इतका
की उजेड लपवणं म्हणजे कंजूषपणा.
तीन वर्षं मी त्यांची जेवणं पाहिलीत,
त्यांनी माझं, एकट्याचं.
नाव दारावरच्या पाटीपुरतं ठाऊक: हेत्ता.
बोलणं शून्य.
मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त फ्रिज.
मग साबणाचा हात वर केला.
तिनं पुन्हा केला, जोरात, पार खांद्यातून.

दुसऱ्या दिवशी नवराही. एरवी
मानसुद्धा जपून हलवणारा माणूस.
मग मुलगी, पायजम्यात, उड्या मारत.
मग म्हातारे सासरे, खुर्चीत बसूनच,
मनगट जेमतेम वळवत,
पाण्यात जाळं सोडावं तसं.
मी रोज साडेसातला खिडकीशी.
आधी एक हात. मग दोन्ही.
रविवारी इस्त्रीचा शर्ट.

बर्फ उपसताना ती भेटली. फावडं टेकवून म्हणाली,
"आमचा टीव्ही खिडकीखाली आहे."
एवढंच. मग जरा थांबून,
"सासरे विचारतात, समोरचा माणूस कुठला खेळ खेळतो?
त्याला कधी एकही गुण मिळताना दिसत नाही."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
मी म्हणालो, टेनिस.
ती म्हणाली, तुमचा बॅकहँड काही खरा नाही.

फेब्रुवारीत बातमी आली: कुणाची मनगटाची दोरी तुटली,
हातातलं यंत्र सुटून टीव्हीच्या काचेत घुसलं,
कंपनी आता जाड दोऱ्या पाठवणार.
बाई म्हणाल्या, मत?
मी म्हणालो, मत नाही.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.
सोळा वर्षांत पहिल्यांदा माझी जागा
हिवाळी टायरांच्या जाहिरातीला गेली.

तोवर सूर्य परतला होता. काचांवर ऊन चढलं,
समोरच्या खिडकीत डोंगर दिसू लागला,
आतलं काही दिसेना.
मार्चमध्ये त्यांच्या दाराशी दोन दिवस
परगावच्या गाड्या उभ्या होत्या.
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

ईस्टरआधीच्या शनिवारी शाळेच्या बँडचा जुना बाजार.
वाफेल, कॉफी, एकेकटे स्की,
आणि टेबलाच्या कोपऱ्यात पांढरा डबा,
एक दोरी जाड, एक जुनीच.
म्हणजे माझं खरं ठरलं. तारखेसकट.
इतकं खरं ठरल्याचं
इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

गल्ल्यावर हेत्तांची मुलगी, बँडच्या लाल कोटात.
साठ क्रोनर, तिनं दोनदा मोजले.
"आत आजोबांचा खेळाडू तसाच आहे," ती म्हणाली,
"निळी टोपी, मिशा. पुसायचा तर पुसा."

घरी आलो. टीव्ही भिंतीपासून ओढला,
ढकलत ढकलत खिडकीखाली नेला.
वायर
दोन हात कमी पडली.