सुट्या पानांची शिवण

नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी
गोळीबार चौकातून आत, बोळीच्या टोकाला,
उकंडराव धकाते यांच्या बाइंडिंगच्या खोलीत
मेश्राम मॅडमची पानं घेऊन गेले.
पिशवी कापडाच्या दुकानाची, पानं दोनशे चौदा.
प्राचीन आशियातली दर्शनं, धर्म,
तीस वर्षं वर्गात उभं राहून सांगितलेले,
आणि एकाही पानावर आकडा नाही.

"काहून जी, आकडे नाई टाकले मॅडमनं?"
नाही टाकले.
"मंग इचारून घ्या ना त्यायले."
आता विचारता येत नाही, म्हटलं.
त्यांनी उठून कूलर बंद केला.
पानं उडू नयेत म्हणूनही असेल.

आधी मी देशांप्रमाणे लावायला घेतली,
पण बुद्ध इकडे सुरू होऊन
खिंडीतून पार पलीकडे गेलेला,
मधली पानं कुठे ठेवायची कळेना.
मग काळाप्रमाणे. तर मॅडमनी
जवळजवळ प्रत्येक सनापुढे
पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलेलं.

उकंडराव पानं उन्हाकडे धरत गेले.
गंजाचा डाग डागावर बसला
की ती पानं एका टाचणीतली, एका दिवसाची.
त्या न्यायानं लोकायत येऊन बसला
जैनांच्या उपासाला लागून,
आणि इराणातल्या अग्नीची दोन पानं
लाओत्सेच्या पाण्याशेजारी.
मी हरकत घेतली नाही.
घामानं माझा चष्मा घसरत होता.

"हाय काय ह्याच्यात एवढं?"
सांगत गेले, जमेल तसं.
आत्मा आहे म्हणणारे, नाही म्हणणारे,
आणि असेलही, कुठून बघता त्यावर आहे, म्हणणारे.
मेल्यानंतरचं कोणी पाहिलं, आधी जेवून घ्या, म्हणणारा.
चीनमधला एक, त्याचं म्हणणं
आधी घरात बापाशी नीट बोला.
आणि एक म्हातारा तर
हल्यावर बसून गावाबाहेर निघून जातो.
"हल्यावर?"
हल्यावर.
"म्हंजे गरीब असन."

मेणाच्या गोळ्यावरून दोरा ओढत होते ते,
चर्र, चर्र, एका लयीत.
बावीस वर्षं एम्प्रेस मिलच्या मागावर काढलेली.
मिल गेली, हातात सूत राहिलं.
त्या आवाजानं मला मॅडमचा एक तास आठवला.
म्हटलं, उकंडराव, गंमत ऐका,
आपल्याकडे जुन्या शहाणपणाला सूत्र म्हणतात,
म्हणजे सूतच.
आणि चीनमध्ये तशा ग्रंथाला जो शब्द आहे
त्याचा मूळ अर्थ ताणा.
मागावर उभा लावतात, तोच.

त्यांनी सुई थांबवली.
खूप वेळ, म्हणजे अख्खी गल्ली गप्प वाटावी इतका वेळ.
मग म्हणाले,
"आन् बाण्याले?
नुसत्या ताण्यानं कापड होते काय जी?
बाण्याले कोन्या देशात पुस्तक म्हनतेत?"

मॅडम असत्या तर
खडू खाली ठेवून हसल्या असत्या,
आणि मग रात्रभर झोपल्या नसत्या.
मी फक्त म्हटलं, माहीत नाही.
"असन कुठी तरी," ते म्हणाले,
आणि धोटा फेकावा तशी
सुई पुन्हा आडवी घातली.

शेवटी एक कोरं पान उरलं.
"हे कोन्या धर्माचं?"
ठेवा तसंच, म्हटलं.
त्यांनी ते मधेच कुठेतरी घातलं, मागे नाही.
गाठ आतल्या बाजूला मारली.
"भाईर मारली का पुस्तक उघडत नाई."
एकशे ऐंशी रुपये. मॅडमचं म्हणून वीस सोडले.

आता रात्री उघडते तेव्हा
हवं ते पान कधीच हवं तिथे नसतं.
काल अनेकांतवाद शोधत होते,
सापडली मॅडमच्या अक्षरातली धोब्याची यादी.
उकंडरावांनी तीही शिवून टाकली आहे,
नीट, चार टाके घालून:
साड्या सहा, उशीचे अभ्रे दोन,
चादरी तीन दिल्या, दोन आल्या.
एक यायची आहे.