तळघरातली सभा

खांबांच्या त्या मोठ्या घरात
पाहुआला फोटोसाठी तीनदा हलवलं:
आधी कडेला, मग पायरीवर,
शेवटी अगदी मधोमध.
माहितीपत्रकात ती अजून हसते आहे.

आम्हाला घर नाही.
वसतिगृहाच्या तळघरात, ड्रायरच्या उबेला
अकराजणी बसतो.
नावात ग्रीक अक्षरं तीन,
त्यातलं एकही कुणाच्या आजोळचं नाही.

काल वाजलं, भातावरून.
मारिसेला म्हणे, तांदूळ आधी परतायचे.
देल्फीन म्हणे, घेवड्याशिवाय भात कसला?
पाहुआनं चिकट भाताचा गोळा मोडला,
मिरचीत बुडवला, बोलली नाही.
वेस्ट व्हर्जिनियाची ड्रीमा
दारातच घुटमळत होती:
‘माझ्यासारखीनं काय आणायचं?’
‘ताटं,’ कुणीतरी ओरडलं.
तिनं खरंच आणली. दोन कमी पडली.

मग वर्गणी. मग कोण कायम उशिरा येतं.
मग देल्फीन रडली, कारण सांगितलं नाही.
पाहुआचं नाव आम्ही अजून चुकतो,
शेवटी आवाज वर न्यायचा राहतो;
ती वाक्य तोडून दुरुस्त करते,
दर वेळी.
त्या घरात तिनं कधी केलं नव्हतं.

इतिवृत्त माझ्याकडे असतं. मी लिहिलं:
ठराव नाही.
भात उरला नाही.
चौथ्या ड्रायरमध्ये एक मोजा, हिरवा,
कुणाचा ते कळवावे.