डावी बाजू

सेवानच्या काठावर जानेवारीत शाई गोठते,
म्हणून वार्तकेस पेन्सिल वापरतात.
तीही स्वेटरच्या आत, काखेशी.
पेन्सिलीला ऊब लागत नाही म्हटलं तर
म्हणतात, तुला काय माहीत.

"मोडक्या धक्क्याच्या उजवीकडचं पाणी माझं.
डावं हायकानुशचं होतं.
आता तू बघ."

अडतीस हिवाळे दोघं इथे उभी राहिली,
म्हणजे नेमकं इथे नव्हे.
तळं आधी मागे हटलं, मग परत आलं.
त्यांची पहिली जागा आता तिकडे,
जिथे बुडालेल्या झुडपांचे शेंडे तेवढे वर आहेत.

मी दुर्बिणीला डोळा लावते. भिंगावर माझाच श्वास.
पुसते. मग चांदवे:
काळे, गोलमटोल, कपाळाला खडू लागलेला,
लाटेवर मसूर सांडावी तसे.
मध्येच एक टिबुकली,
थंडीने धुऊन धुऊन रंग गेलेली.

हंस आले की येरेवानहून गाड्या येतात.
चांदव्यांसाठी कोणी येत नाही.

एकशे नव्वदपर्यंत पोचते
तर डोंगराकडून गरुड.
सगळे चांदवे एका मुठीत गोळा,
पाणी उकळल्यासारखं, आकडे कुठल्या कुठे.
पुन्हा एकपासून.
बोटं आता माझी राहिलेली नाहीत.
"तीनशे चाळीस," मी सांगून टाकते.

ते वर बघत नाहीत.
"पक्षी काय शून्यावर येऊन थांबतात, शुशान जान?"
आणि मागची पानं उलटतात.
डाव्या रकान्यात तिचं बारीक अक्षर:
दोनशे सत्त्याऐंशी. चारशे तीन. एकशे एकोणसाठ.
एका वर्षी नुसतं:
धुकं. दिसले नाहीत. ऐकू आले, पुष्कळ.

राग येतो थोडा.
मग रागानेच नीट मोजते.

तीनशे सदतीस.

ते लिहितात, वही मिटतात,
थर्मासमधला रानओव्याचा चहा ओततात.
झाकणं दोन. लहान माझ्याकडे सरकवतात.

तेवढ्यात त्या शेंड्यांमध्ये
पाणी फुटतं, आणि एक चांदवा
चोचीत हिरवी दोरी घेऊन वर येतो.
इतका वेळ खाली काय करत होता कोण जाणे.

"आला," वार्तकेस म्हणतात,
खरं तर ती बाजू त्यांची नव्हे.
वही माझ्या गुडघ्यावर ठेवतात,
स्वेटरात हात घालून
पेन्सिल काढून देतात.

गरम आहे.